फोकसबाहेरचे अणू

शेवटची स्लाइड पडद्यावर होती. स्नायूंत ऑक्सिजन साठवणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाचं चित्र. मधोमध हीम या लोह असलेल्या भागाची सपाट चकती, तिच्या मध्यावर लोहाचा अणू, त्याला धरून बसलेला ऑक्सिजन, हे सगळं अगदी लख्ख. हीमच्या पुढून तिरकं गेलेलं एक हेलिक्स, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचं मळसूत्री वेटोळं, आणि मागची सगळी गर्दी मात्र मऊ, कडा हरवलेली. चित्र मीच केलेलं होतं आणि मला ते मनापासून आवडलं होतं. मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. "मॅडम, हा पुढचा भाग अजून नीट सापडलेला नाहीये का?" मी सांगितलं, सापडलाय, पूर्ण सापडलाय, तो फक्त फोकसच्या बाहेर आहे. "अच्छा," म्हणत तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि सगळे उठले. तिच्यापुरता प्रश्न संपला. माझ्या डोक्यात तो घोळत राहिला, आणि आता असं कुठलंही चित्र करायला बसलं की तो आधी समोर येऊन उभा राहतो.

कारण तिच्या बाजूने पाहिलं तर तिने अगदी नेमकं विचारलं होतं. चित्रातला एखादा भाग अस्पष्ट दिसला की आपण त्याचे दोन अर्थ लावतो. एक तर तिकडे बघायचं कारण नाही, किंवा तिकडे काय आहे ते कुणाला नीट ठाऊक नाही. छायाचित्रकार पहिल्या अर्थाने पार्श्वभूमी मऊ करतो. रेणूंच्या रचना शोधणाऱ्यांच्या जगात दुसरा अर्थ रोजचा आहे; तिथे काही अणूंच्या जागा पक्क्या असतात, काहींच्या डळमळीत, आणि काहींचा तर पत्ताच लागत नाही. मी पहिल्या अर्थाने जे केलं ते तिने दुसऱ्या अर्थाने वाचलं, आणि दोन्हींतला फरक सांगेल अशी एकही खूण त्या चित्रात नव्हती.

रेणूंची चित्रं काढणाऱ्या प्रोग्रॅमला मुळात भिंगच नसतं. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातून उतरवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक अणूची एक ओळ असते, तिच्यात एक्स, वाय आणि झेड असे तीन आकडे, अँगस्ट्रॉममध्ये (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), तीन दशांश स्थळांपर्यंत. प्रोग्रॅम त्या जागी गोळे ठेवतो, काड्या जोडतो, प्रकाश टाकतो. त्याच्या लेखी नाकासमोरचा अणू आणि पार पलीकडचा अणू सारखेच. सगळं सारखंच धारदार. म्हणूनच मोठ्या प्रथिनाचं सगळ्या काड्यांनिशी काढलेलं चित्र पहिल्यांदा बघताना डोळा गांगरतो. कुठली काडी पुढे, कुठली मागे, काही कळत नाही, आणि ज्या एका जागेसाठी चित्र काढलं ती जागाच गर्दीत हरवते. खोली दाखवण्यासाठी काहीतरी करावंच लागतं. एक जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे धुकं. जितकं दूर तितकं पार्श्वभूमीच्या रंगात मिसळलेलं. पण धुकं फक्त मागचं फिकं करतं, पुढे आडवं आलेलं हेलिक्स तसंच ठणठणीत राहतं. भिंग पुढचं आणि मागचं दोन्ही सोडून देतं आणि मधला एक पातळ थर हातात ठेवतं. तो थर मिळवायचा तर स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅमला द्यायच्या आज्ञांच्या ओळी, लिहावी लागते.

वॉरन डिलानो यांनी २००० साली रेणूंची चित्रं काढणारा पायमॉल हा प्रोग्रॅम लोकांसमोर ठेवला. त्याच्या पोटात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे ही गोष्ट मला त्या प्रोग्रॅममधली सगळ्यात उदार वाटते. माउसने जे करता येतं ते सगळं ओळींनी लिहून करता येतं, आणि माउसने कधीच करता येणार नाही तेही. डिलानो २००९ साली गेले, फार लवकर गेले. आजही कुठल्यातरी रात्री कुणीतरी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून आपल्या मनातलं चित्र बाहेर काढतं, तेव्हा त्यांनी उघडं ठेवलेलं ते दार वापरत असतं.

भिंगाचा परिणाम आणायच्या दोन वाटा आहेत. पहिली सोपी दिसते. एकच धारदार चित्र काढायचं आणि त्याच्या जोडीला खोलीचा नकाशा. हा नकाशा काढायची युक्ती गोड आहे: सगळे अणू पांढरे करायचे, पार्श्वभूमी काळी, दिव्यांची दिशा आणि चकाकी काढून टाकून सगळीकडे सारखा प्रकाश ठेवायचा आणि धुकं चालू करायचं. मग जवळचं ते पांढरं, दूरचं ते काळं, मधलं करडं. धुक्याचा असा वापर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता. आता प्रत्येक पिक्सेलला त्याच्या करड्या छटेवरून किती पसरवायचं ते ठरवायचं. पण जरा मोठं करून बघितलं की हीमच्या कडेला एक घाणेरडी प्रभा दिसते, कारण मागचं पसरवताना हीमचा लाल रंगही त्यात ओढला जातो. पुढच्या हेलिक्सचं दुखणं त्याहून खोल आहे. खऱ्या भिंगापुढे आडवी आलेली अस्पष्ट वस्तू कडांना पारदर्शक होते, तिच्या आडून मागचं थोडं दिसतं. एकाच जागेवरून काढलेल्या चित्रात हेलिक्सच्या मागे काय होतं ही माहितीच नसते. जे टिपलंच नाही ते कितीही पसरवलं तरी येणार कुठून?

दुसरी वाट लांबची आहे आणि मला तीच खरी वाटते. भिंग काय करतं? त्याच्या काचेचा प्रत्येक बिंदू तेच दृश्य किंचित वेगळ्या जागेवरून बघतो, आणि ती सगळी दर्शनं एकमेकांवर पडतात. मग आपणही तेच करायचं. ज्या अणूवर फोकस हवा तो फिरण्याचा मध्य करायचा, रेणू अगदी किंचित कलवायचा, चित्र काढायचं. पुन्हा थोडा वेगळा कलवायचा, पुन्हा चित्र. आणि शेवटी सगळ्या चित्रांची सरासरी. मध्यावरचा अणू कुठल्याच चित्रात हलत नाही, म्हणून तो लख्ख राहतो. बाकीचे आपापल्या अंतराच्या प्रमाणात सरकतात. आकड्यांत बघायचं तर, भिंग २ अंशांचं घेतलं, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला १ अंश, तर फोकसपासून २० अँगस्ट्रॉम पुढे असलेला अणू ०.३५ अँगस्ट्रॉम इकडे आणि तितकाच तिकडे जातो. चित्र २,४०० पिक्सेल रुंद असेल आणि त्यात ६० अँगस्ट्रॉम मावत असतील, तर तो अणू १४ पिक्सेल त्रिज्येच्या चकतीवर पसरतो. फोकसपासून दीडच अँगस्ट्रॉमवर, म्हणजे एका बंधाच्या अंतरावर असलेला शेजारी जेमतेम १ पिक्सेल हलतो. कोन दुप्पट केला की हे सगळं दुप्पट. एवढ्याशा आकड्यावर कोण दिसणार आणि कोण नाही हे ठरतं.

कलायच्या जागा कशा निवडायच्या यातही गंमत आहे. चौकटीच्या जाळीवर निवडल्या तर मऊपणात जाळीच दिसायला लागते. नुसत्या यदृच्छेने निवडल्या तर कुठे दाटी, कुठे विरळ. फर्माचं सर्पिल घेतलं की दोन्ही दुखणी जातात: दर वेळी १३७.५ अंश वळायचं आणि मध्यापासूनचं अंतर क्रमांकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढवायचं. सगळी चकती सारखी भरते. मग दिवे. पायमॉलमध्ये दिवा कॅमेऱ्याबरोबर बांधलेला असतो, त्यामुळे रेणू कलला की सावल्या सरकतात आणि हीमवरच्या सावलीची कडही विनाकारण मऊ होते. दर फ्रेमला, म्हणजे प्रत्येक चित्राला, दिव्याची दिशाही तेवढीच फिरवावी लागते. दृश्य पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे दूरचं लहान दिसेल असं, असेल तर फोकसच्या थरातही मध्यापासून दूरचे अणू थोडे मऊ होतात, कारण कलताना ते कॅमेऱ्याच्या जवळ-लांब जातात. समांतर प्रक्षेप, म्हणजे अंतराने आकार न बदलणारं दृश्य, ठेवला की ते थांबतं. आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे सरासरी. फाइलमधले पिक्सेलचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. शुभ्र २५५ आणि काळा ० यांची सरळ सरासरी १२८ येते, पण १२८ म्हणजे शुभ्राच्या फक्त २२ टक्के प्रकाश. अर्धा प्रकाश हवा असेल तर आकडा १८८ यायला हवा. म्हणून आधी आकड्यांचा प्रकाश करायचा, मग सरासरी, मग परत आकडे. हे केलं नाही तर अणूंवरची चकाकी मळकट राखाडी होऊन पसरते. केलं तर तीच चकाकी उजळ गोल थेंबांसारखी फुलते.

हे काम चाललेलं बघत बसणं मला फार प्रिय आहे.

पहिल्या काही फ्रेम्सची सरासरी भुताटकीसारखी दिसते. पुढच्या हेलिक्सच्या पाचसात प्रती एकमेकींवर चढलेल्या, प्रत्येकीची कड वेगळी मोजता येते. पंख्याचा आवाज चढतो, खोली किंचित ऊबदार होते. हळूहळू प्रती एकमेकींत मिसळतात, कडा वितळतात, आणि एक क्षण असा येतो की "अनेक हेलिक्स" हा भास जाऊन "जवळ आलेलं एक हेलिक्स" दिसायला लागतं. काही डझन फ्रेम्सपर्यंत खडबडीतपणा राहतो. पसरण्याची चकती मोठी असेल तर शेकड्यांत जावं लागतं. तोवर मध्यावरचा लोहाचा अणू जागचा हललेला नसतो. उलट दर फ्रेमला त्याच्या कडेचे दाते गुळगुळीत होत जातात आणि तो पहिल्याहून स्वच्छ दिसतो. इतक्या हालचालीतून ती स्थिरता वर येताना बघायची सवय मला अजून झालेली नाही.

आणि मग रेणू लहान होतो. हे मला अपेक्षित नव्हतं. सगळं धारदार असलेलं प्रथिन एखाद्या प्रचंड बांधकामासारखं दिसतं, आपण लांब उभे राहून बघतोय असं. कोन थोडा वाढवला की तेच प्रथिन हातात घेऊन डोळ्याजवळ धरल्यासारखं वाटतं. डोळ्याची ही जुनी सवय आहे. लांबच्या डोंगराकडे बघताना पुढचंमागचं सगळं एकदम स्पष्ट असतं. डोळ्यापासून वीतभर अंतरावरचं काही बघताना मात्र एक पातळ थरच स्पष्ट असतो. त्यामुळे खऱ्या शहराच्या छायाचित्रात वरखाली अस्पष्टता भरली की शहर खेळण्यातलं वाटू लागतं. रेणूच्या बाबतीत या फसवणुकीने खरी गोष्ट कळते: हे फार म्हणजे फार छोटं आहे. मुलांना कितीही वेळा शून्यं मोजून सांगितलं तरी जे पोचत नाही ते या मऊपणातून एका नजरेत पोचतं. त्या चित्रावर माझा जीव जडला तो यासाठी.

पण असं भिंग जगात कुठेच नाही, हेही खरं. दृश्य प्रकाशाची लांबी साधारण ४,००० ते ७,००० अँगस्ट्रॉम. मायोग्लोबिनचा अख्खा रेणू ४५ बाय ३५ बाय २५ अँगस्ट्रॉमचा. जांभळ्या प्रकाशाच्या एका लाटेच्या लांबीत असे जवळपास नव्वद रेणू रांगेत बसतील. कार्बन-कार्बन बंध १.५४ अँगस्ट्रॉमचा, त्याचं तर नावच नको. क्ष-किरणांची लाट तेवढी आखूड असते, पण त्यांना अणूइतक्या बारकाईने एकत्र आणणारं भिंग नाही. म्हणून तर स्फटिकावर किरण पाडून विखुरलेले ठिपके मोजायचे आणि भिंगाचं काम गणिताकडून करून घ्यायचं, हा सगळा उपद्व्याप. मायोग्लोबिन हे अशा तऱ्हेने उलगडलेलं पहिलं प्रथिन. ज्या रचनेपर्यंत पोचायला भिंगाविना जावं लागलं, तिच्यापुढे शेवटी मी एक नसलेलं भिंग धरते. याने मी कधीकधी अस्वस्थ होते. कधीकधी मात्र वाटतं की रंग तरी कुठे खरे आहेत? कार्बन करडा नसतो, ऑक्सिजन लाल नसतो, बंधांच्या जागी काड्या नसतात. बघता यावं म्हणून आपण एवढं सगळं मान्य केलेलं आहे.

खोलीशी ही झटापट माझ्या फार आधीची आहे. १९५८ साली जॉन केंड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोग्लोबिनची पहिली रचना मांडली तेव्हा रेझोल्यूशन, म्हणजे वेगळा ओळखता येणारा सगळ्यात बारीक तपशील, ६ अँगस्ट्रॉमचं होतं. अणू दिसायचा प्रश्नच नव्हता, दिसला तो प्लॅस्टिसिन या मऊ मातीचा एक वेटोळा, खुंट्यांवर पेललेला. दोन वर्षांत २ अँगस्ट्रॉमपर्यंत मजल गेली आणि नवं मॉडेल उभं राहिलं: सुमारे २,५०० उभ्या सळ्या, त्यांवर रंगीत चिमटे, आणि त्यांच्यामधून वळणं घेत गेलेली साखळी, एका अँगस्ट्रॉमला ५ सेंटीमीटर या मापाने. म्हणजे ४५ अँगस्ट्रॉमचा रेणू सव्वादोन मीटरचा. त्याची छायाचित्रं मी पुष्कळ वेळ बघितली आहेत. सळ्यांच्या त्या दाटीत साखळी शोधताना डोळे दुखतात. आणि मग १९६१ सालचं अर्व्हिंग गाइस यांचं चित्र बघावं, सायंटिफिक अमेरिकनसाठी हाताने रंगवलेलं. तोच रेणू, तेच अणू, पण प्रकाश रेणूच्या आतून येतो, मधल्या लोहाच्या अणूपासून. जे हीमच्या जवळ ते उजळ, जे लांब ते छायेत. असा दिवा कुठल्याही रेणूच्या पोटात नसतो. पण डोळा पहिल्यांदा कुठे जाणार हे गाइस यांनी पूर्णपणे आपल्या हातात ठेवलं, आणि तरीही छायेतला एकही अणू गाळला नाही. तिथे बघावंसं वाटलं तर तो दिसतो. माझ्या चित्रात आणि त्यांच्या चित्रात मला सलतो तो हा फरक.

साठच्या दशकात सायरस लेव्हिंथल यांनी एमआयटीमध्ये रेणू संगणकाच्या पडद्यावर आणला तेव्हा त्यांच्याकडे रंग नव्हते, सावल्या नव्हत्या, होत्या फक्त उजळ रेषा. त्यांनी रेणू फिरवला. बस. फिरायला लागलं की पुढचं एकीकडे जातं, मागचं दुसरीकडे, आणि सपाट रेषांच्या गुंत्यातून घन आकार उठून येतो. छापील पानावर फिरवता येत नाही, म्हणून जर्नलमध्ये शेजारीशेजारी दोन चित्रं छापत, दुसरं पहिल्यापेक्षा थोड्या अंशांनी फिरवलेलं. डोळे तिरळे करून दोन्ही एकावर एक आणायची. मला ते शिकायला बराच काळ लागला. पान नाकाजवळ धरून बसायचं, कपाळ ठणकायला लागायचं, दोनाची चार चित्रं दिसायची, मग तीन, आणि मग मधलं तिसरं एकदम पानातून वर यायचं. इतकं खोल, इतकं शांत आणि स्वच्छ की श्वास घेतला तर मोडेल या भीतीने मी तो रोखून धरायची. आज त्याकडे बघताना जाणवतं की ती जोडी आणि माझी स्क्रिप्ट हे एकाच कृतीचे दोन प्रकार आहेत. दोन्हींत रेणू थोडासा फिरवायचा आणि चित्र काढायचं. तिथे दोन चित्रं वेगळी ठेवून डोळ्यांवर सोपवली होती, इथे शेकडो चित्रं मीच एकत्र करून टाकते. तिथे खोली मिळताना एकही अणू गमवावा लागत नव्हता.

सूक्ष्मदर्शकावर पहिल्यांदा बसले तेव्हाची बोटांची आठवणही याला लागून येते. बारीक फोकसचा गोल दट्ट्या, त्याच्यावरच्या खाचा, एक केसभर फिरवला की पेशीची वरची भिंत जाते आणि आतलं केंद्रक वर येतं, आणखी केसभर आणि खालची भिंत. तिथेही एका वेळी एकच थर दिसतो, बाकी सगळं धुरकट. पण ते धुरकटपण कधी खुपलं नाही, कारण दट्ट्या माझ्या हातात होता. जे बघायचं ते मी वर आणू शकत होते. रोजच्या बघण्यातही तसंच आहे. कोपऱ्यातली वस्तू अस्पष्ट असते, पण आपण तिकडे बघायचा अवकाश, डोळ्यातलं भिंग आपोआप बदलतं आणि ती स्पष्ट होते. तयार चित्रात ते होत नाही. ती मुलगी पुढच्या हेलिक्सकडे बघत राहिली असणार, आणि हेलिक्स काही केल्या स्पष्ट होईना. अशा वेळी माहितीच नसावी असं वाटणं साहजिक आहे.

आणि काही ठिकाणी माहिती खरंच नसते. ते तीन दशांश स्थळांचे आकडे फार पक्के दिसतात, पण त्याच ओळीत थोडं पुढे आणखी एक आकडा असतो, बी-फॅक्टर. अणू आपल्या जागेभोवती किती पसरलेला आहे हे तो सांगतो. बी २० असेल तर एका दिशेतलं सरासरी विस्थापन साधारण अर्धा अँगस्ट्रॉम, ८० असेल तर १ अँगस्ट्रॉम. १ अँगस्ट्रॉम म्हणजे दोन कार्बनमधल्या अंतराच्या जवळपास दोन-तृतीयांश! पृष्ठभागावरच्या लायसिन या अमिनो आम्लाच्या लांब साखळ्यांची टोकं पुष्कळदा अशीच असतात, पाण्यात हेलकावे खाणारी. काही वळणं तर इतकी चंचल की क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून काढलेल्या इलेक्ट्रॉनांच्या नकाशात त्यांची खूणच उमटत नाही आणि फाइलमधून त्यांच्या ओळी गायब असतात. मायोग्लोबिनच्या बाबतीत हे फार आधी तपासलं गेलं. १९७९ साली फ्राउएनफेल्डर, पेट्स्को आणि त्सेर्नोग्लू यांनी त्याचा स्फटिक वेगवेगळ्या तापमानांना मोजला आणि कुठला भाग घट्ट, कुठला सैल हे काढलं. त्याला कारणही होतं. स्फटिकातली रचना जशीच्या तशी घेतली तर ऑक्सिजनला बाहेरून हीमपर्यंत जायला वाटच नाही. सगळं बंद. तरी ऑक्सिजन आत जातो आणि बाहेर येतो, कारण भोवतालचे अणू क्षणभर बाजूला होतात. हीम आणि लोह हे नाटकातलं मुख्य पात्र म्हणून मी फोकसमध्ये ठेवते, पण रेणू जगतो तो त्या गर्दीच्या हलण्यावर.

म्हणजे चित्रात दाखवण्याजोगी एक खरी अस्पष्टता रेणूकडे स्वतःची आहे. आणि तिची भाषा मी भिंगाला देऊन बसले होते.

मग मी स्क्रिप्टची दुसरी प्रत केली. सरासरीचा भाग तोच ठेवला, कॅमेरा मात्र जागेवर बांधून टाकला. दर फ्रेमला प्रत्येक अणू त्याच्या त्याच्या बी-फॅक्टरप्रमाणे यदृच्छेने थोडा ढकलायचा, चित्र काढायचं, परत जागेवर आणायचा. काड्या मी काढून टाकल्या, कारण प्रत्येक अणू स्वतंत्रपणे ढकलला की बंध वेडेवाकडे ताणले जातात आणि नसती गोष्ट दिसते. नुसते गोळे ठेवले. हिशोब सोपा आहे, रेंडरला, म्हणजे चित्र तयार व्हायला, वेळही तितकाच. चित्र उमटायला लागलं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसले. हीम धारदार राहिलं, हे अपेक्षित होतं. पुढच्या हेलिक्सचा कणाही धारदार राहिला. जे मी त्या दिवशी विरघळवून टाकलं होतं ते प्रत्यक्षात रेणूतल्या भक्कम भागांपैकी एक होतं; त्याच्या बाहेर डोकावणाऱ्या बाजूच्या साखळ्यांची टोकं तेवढी पसरली. मागे, खूप मागे, एका वळणापाशी मऊपणाचा एक डाग उमटला, जो आधीच्या चित्रात भिंगाच्या मऊपणात झाकून गेला होता. हे चित्रही पूर्ण खरं नाही. बी-फॅक्टरमध्ये हालचालीबरोबर स्फटिकातल्या रेणूरेणूंमधला फरक मिसळलेला असतो, आणि रचना बसवताना राहिलेल्या चुकाही त्यातच जाऊन बसतात. शिवाय शेजारचे अणू एकत्र हलतात, माझ्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक जण एकटा. तरी या मऊपणाबद्दल कुणी विचारलं तर मला फाइलमधल्या एका आकड्याकडे बोट दाखवता येतं.

पण सुंदर ते पहिलंच आहे. हे मी लपवून उपयोग नाही. दुसऱ्या चित्रात खोली जाते, रेणू पुन्हा मोठा आणि सपाट होतो, नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. ते चित्र बघून कुणाला प्रथिनांच्या मागे आयुष्य घालवावंसं वाटेल असं मला वाटत नाही, आणि पहिलं बघून वाटू शकतं. भिंगाचा मऊपणा टाकून द्यायला मी तयार नाही. मुखपृष्ठावर, व्याख्यानाच्या पहिल्या स्लाइडवर, ज्याने रेणू कधी पाहिलाच नाही त्याच्यासाठी, तो जरूर वापरावा. ज्या चित्रावरून वाचक अंतरं आणि शेजार ताडणार आहे, म्हणजे संशोधनाच्या लेखातली आकृती, तिथे तो नसावा असं माझं ठाम मत आहे. तिथे मागच्यासाठी हलकं धुकं आणि पुढचं आडवं येत असेल तर सरळ कापून काढून तसं लिहिणं बरं. भिंग वापरलं असेल तिथे मी आता चित्राखाली एक ओळ घालते: फोकस कुठल्या अणूवर आहे, कोन किती आहे, आणि अस्पष्ट भागाची रचना पूर्ण ज्ञात आहे. कोनही कमी ठेवते. २ अंशांऐवजी १ अंश ठेवला की पुढचं हेलिक्स मागे हटतं, पण त्याची वळणं मोजता येतात, आणि गाइस यांच्या छायेतल्या अणूंसारखं तिकडे बघणाऱ्याला काहीतरी मिळतं.

दोन्ही मऊपणा एकाच चित्रात आणायचा प्रयत्नही करून पाहिला. जमत नाही. भिंगाने पसरलेला अणू आणि स्वतःच्या हालचालीने पसरलेला अणू डोळ्याला अगदी सारखे दिसतात, पुन्हा तोच गोंधळ. सध्या बी-फॅक्टर रंगात घालून बघते आहे: कार्बनची छटा घट्ट ठिकाणी गडद, सैल ठिकाणी फिकी, आणि त्यावर १ अंशाचं भिंग. फिका रंग धुक्यात हरवतो, म्हणून धुकं बंद ठेवावं लागतं, आणि धुकं नसलं की मागच्या थरांची खोली पुन्हा कमी पडते. कोन दीड अंशाला आणून आज रात्री पुन्हा रेंडर लावणार आहे.